दोन रात्री, ४४ तास आणि समोर समुद्र

पंधरा वर्षं मी एका कंपनीच्या ट्रॅव्हल डेस्कवर काढली. साहेबलोकांची विमानं, हॉटेलं, गाड्या ठरवायच्या आणि त्यांनी परत आल्यावर "ठीक होतं" एवढंच म्हणायचं, अशी ती नोकरी. ठीक होतं म्हणजे काही बिघडलं नाही. बिघडलं की रात्री दोनला फोन. आता नोकरी सुटली, सवय काही सुटली नाही. वर्षातून एकदा नवरा आणि मी समुद्रकाठच्या एखाद्या मोठ्या शहरात दोन रात्रींसाठी जातो. एरवी आम्ही दोघंही हात राखून खर्च करणारे, या दोन रात्रींना मात्र हात सैल. पण जिथे जास्त पैसे मोजायचे तिथे प्रश्नही जास्त विचारायचे, एवढं डेस्कवर शिकले आहे.

पहिला हिशोब तासांचा. बऱ्याच मोठ्या हॉटेलांत खोली दुपारी ३ वाजता मिळते आणि शेवटच्या दिवशी सकाळी ११ ला सोडावी लागते. म्हणजे दोन रात्रींचे पैसे भरून हातात येतात ४४ तास. झोपेचे सोळा वजा करा, अंघोळ-आवराआवरीचे तीन-चार, राहिले पंचविसाच्या आसपास. आता आधीच बोलून ठेवून सकाळी ११ ला खोली मिळवली आणि निघायची वेळ दुपारी ४ पर्यंत वाढवून घेतली, तर ४४ चे ५३ होतात. तिसरी रात्र न घेता नऊ तास वाढले. हे तास कधी फुकट मिळतात, कधी अर्ध्या दिवसाचं भाडं पडतं. पडलं तरी द्यावं. मी तर म्हणेन, खोली एक पायरी खालची घ्या, पण हे तास सोडू नका. शहरातल्या हॉटेलांत रविवारी रात्री सहसा सगळ्यात जास्त खोल्या रिकाम्या असतात, त्यामुळे शुक्रवारी जाऊन रविवारी उशिरा निघणाऱ्यापुढे रिसेप्शनवालाही फारसा अडून बसत नाही. फक्त विचारायचं ते बुकिंगच्या वेळी आणि लेखी. बॅगा भरून काउंटरवर उभं राहून विचारलं की मिळतो तो फक्त चेहऱ्यावरचा खेद.

आधी समुद्र, मग हॉटेल

लोक शहर ठरवतात, मग हॉटेलाचे फोटो बघतात आणि समुद्र तिथे असणारच असं धरून चालतात. असतो, पण तो आपल्या वेळेने असतो.

साधी गोष्ट, तोंड कुठल्या दिशेला? समुद्रात बुडणारा सूर्य बघायला निघालात आणि किनारा पूर्वेचा निघाला, तर संध्याकाळी सूर्य तुमच्या पाठीमागे इमारतींत मावळतो. मायामी बीच पूर्वेला, सिडनीचा बाँडाय पूर्वेला, चेन्नईचा मरीना पूर्वेला. तिथे गंमत पहाटेची. मायामी बीचला तर किनाऱ्यालगतच्या उंच हॉटेलांची सावली हिवाळ्यात दुपारीच वाळूवर पसरते, त्यामुळे स्विमिंग पूलवर ऊन खायचं असेल तर सकाळीच. उलट केप टाउनचा कॅम्प्स बे पश्चिमेला, मुंबई पश्चिमेला. तिथे संध्याकाळचं टेबल राखायचं आणि सकाळी खुशाल लोळायचं. रिओमधला इपानेमा जवळजवळ दक्षिणेकडे तोंड करून आहे. त्याच्या टोकाच्या आर्पोआदोर खडकावरून डिसेंबर-जानेवारीत सूर्य पाण्यात बुडताना दिसतो आणि जमलेले लोक चक्क टाळ्या वाजवतात. जूनमध्ये गेलात तर तोच सूर्य डोंगराआड जातो. खडक तोच, शहर तेच, महिना चुकला.

महिन्याचं प्रकरण वाटतं त्याहून वाकडं आहे. सॅन फ्रान्सिस्को म्हटलं की उन्हाळ्यात जावंसं वाटतं, आणि नेमकं जुलै-ऑगस्टमध्ये गार पाण्यावरून आलेलं धुकं तिथला गोल्डन गेट पूल गिळून बसलेलं असतं. तिथला खरा उबदार काळ सप्टेंबर-ऑक्टोबर. पेरूची राजधानी लिमा समुद्राच्या कड्यावर वसलेली, पण तिथल्या हिवाळ्यात, म्हणजे साधारण जून ते सप्टेंबर, आकाश राखाडी झाकणासारखं असतं. मुंबईला पाऊस जून ते सप्टेंबर झोडपतो, तर चेन्नईला त्याचा जोर ऑक्टोबर ते डिसेंबर. एकाच देशाचे दोन किनारे, दोन वेगळी कॅलेंडरं. आणि दुबईत ऑगस्टमध्ये सूट स्वस्त का मिळतो, हे विमानतळाच्या दाराबाहेर पाऊल टाकलं की कळतं.

वाऱ्याचा धडा मला केप टाउनने दिला. नवऱ्याच्या एका कामाला जोडून आम्ही दोन रात्री वाढवल्या होत्या. पोचलो तेव्हा टेबल माउंटन इतका स्वच्छ, की वरचं केबलचं ठाणं खालून डोळ्यांनी दिसत होतं. १९२९ पासून चालणारी ती केबलकार. आताच्या डब्याची जमीन फिरते, त्यामुळे खिडकीसाठी धक्काबुक्की नाही. मी म्हटलं, आज जरा टेकू, उद्या सकाळी पहिल्या फेरीने जाऊ. उद्या सकाळी पडदा सरकवला तर डोंगराच्या माथ्यावरून पांढरा ढग कडेने खाली ओघळत होता. तिथले लोक त्याला टेबलक्लॉथ म्हणतात. आग्नेयेचा वारा सुटला की तो अंथरला जातो, आणि वारा वाढला की केबलकार बंद. परवाही बंद. आमच्या हातात आधी काढलेली तिकिटं आणि समोर डोंगर, एवढंच. त्याच दिवशी क्लिफ्टनचे किनारे मात्र डोंगराच्या आडोशाला शांत होते, ही माहितीही मला हॉटेलच्या कन्सिअर्जने, म्हणजे पाहुण्यांच्या फिरण्या-तिकिटांची सोय बघणाऱ्या माणसाने, दिली तेव्हा दुपार उलटली होती.

तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे. वारा, धुकं, पाऊस किंवा लाट ज्या गोष्टीला रद्द करू शकते ती पहिल्या दिवशी, पोचल्याबरोबर. बोट, केबलकार, उंच मजल्यावरचं निरीक्षणगृह, सगळं पुढे ओढायचं. संग्रहालय, स्पा, खरेदी हे छपराखालचं, ते मागे ढकलायचं. रद्द झालंच तर आणखी एक दिवस शिल्लक राहतो. आणि बोट सकाळची बघायची. दिवस चढला की जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरून वारा सुटतो. त्यामुळे दुपारनंतर पाणी उचंबळलेलं असतं. नवऱ्याला बोट लागते. हे शास्त्र मी त्याच्या चेहऱ्यावरून शिकले.

भरती-ओहोटीचं कोष्टक बघणारा पर्यटक मला अजून भेटायचा आहे. बहुतेक किनाऱ्यांवर एका भरतीनंतर दुसरी साधारण १२ तास २५ मिनिटांनी येते, म्हणजे रोज ती सुमारे ५० मिनिटं पुढे सरकते. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, तेव्हा पाणी सगळ्यात वर चढतं आणि सगळ्यात खालीही जातं. फोटोतली रुंद वाळू भरतीला भिंतीपर्यंत बुडालेली असू शकते. आणि ओहोटीला काही खाड्यांतून जो वास येतो तो कुठल्याही फोटोत येत नाही. मोठ्या बंदरांची भरतीची कोष्टकं आधीच प्रसिद्ध होतात, दोन मिनिटांचं काम आहे. भूमध्य समुद्राकाठी, बार्सिलोना किंवा नीसला जाणार असाल तर हा परिच्छेद सोडून द्या. तिथे पाणी हातभरही वरखाली होत नाही.

"सी व्ह्यू" म्हणजे नेमकं काय

एका शहरात, नाव सांगत नाही, आम्हाला "सी व्ह्यू डीलक्स" मिळाली होती. सामान घेऊन आलेल्या मुलाने बाल्कनीचं दार दिमाखात उघडलं. समोर पार्किंगची इमारत. मी त्याच्याकडे बघितलं, त्याने डावीकडे बोट दाखवलं. कठड्याला पोट टेकून, एसीच्या डब्याला वळसा घालून मान बाहेर काढली की दोन इमारतींच्या फटीतून तळहाताएवढी निळी पट्टी दिसत होती. त्या पट्टीतून एक जहाज गेलं. तीन सेकंदांत संपलं. नवरा म्हणाला, "बघ, दिसतोय की." दोन दिवस तो वाक्य बदलून बदलून तेच म्हणत राहिला.

खोल्यांची नावं हॉटेल ठेवतं, त्यांना कुठलंही माप नसतं. "ओशन फ्रंट" म्हणजे सहसा खिडकी थेट पाण्याकडे. "सी व्ह्यू" म्हणजे कुठून तरी पाणी दिसतं. "पार्शियल" म्हणजे वर सांगितली ती पट्टी. "सी साइड" म्हणजे इमारतीची बाजू समुद्राची आहे. दिसेल असं कोणी म्हटलेलं नाही. म्हणून आता मी पैसे भरायच्या आधी हॉटेललाच मेल करते, मधल्या बुकिंगवाल्याला नाही. मजकूर साधारण असा:

"आम्ही दोघं अमुक तारखेला दोन रात्रींसाठी येत आहोत. खोलीतल्या खुर्चीत बसून समुद्र दिसतो का, की उभं राहावं लागतं? खिडकी किंवा बाल्कनीचं दार उघडतं का? खोली आणि पाणी यांच्यामध्ये रस्ता आहे का आणि तो किती वर्दळीचा आहे? त्या तारखांना हॉटेलात किंवा शेजारी बांधकाम, रंगकाम, परांची बांधणं चालू असेल का? स्विमिंग पूल चालू आहे ना?"

खुर्चीचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. त्याला उत्तर देण्यासाठी तिथल्या माणसाला खरोखर त्या खोलीचा विचार करावा लागतो, आणि उत्तराच्या सुरावरून तुम्हाला हॉटेल कळतं. "आमच्या सर्व खोल्या विलोभनीय आहेत" असं आलं की मी दुसरं हॉटेल बघते. "सहाव्या मजल्यापर्यंत झाडं आड येतात, तुम्हाला नवव्यावर देतो" असं एकदा आलं होतं, तिथे आम्ही दोनदा गेलो.

मजला फार उंच हवा असा माझा आग्रह नाही. तिसाव्या मजल्यावरून समुद्र नकाशासारखा दिसतो. सातव्या-आठव्यावरून लाटेचा आवाज येतो, खारं वारं येतं, किनाऱ्यावर कुत्र्यामागे धावणारा माणूस ओळखू येतो. अर्थात खाली वाहता रस्ता असेल तर आवाजही त्याचाच येतो, तेव्हा उंच जावं. लिफ्टला आणि बर्फाच्या मशीनला लागून असलेली खोली कुठल्याच मजल्यावर घेऊ नये.

सूट घ्यावा का? दोन रात्रींसाठी दिवाणखाना वेगळा लागतो कशाला, असं मला वाटतं. पैसे खोलीच्या आकारावर घालण्यापेक्षा खिडकीवर घाला. एकाला घोरायची सवय असेल तर सूट. त्याबद्दल मी आमच्या घरातलं काही सांगणार नाही.

मधले तास

दिवसाला एकच गोष्ट ठरवून, तिकीट काढून, वेळ राखून करायची. बाकी दिवस मोकळा. नवशिके यादी घेऊन येतात. आमच्या साहेबांपैकी एक तर दीड दिवसात अकरा ठिकाणं मागायचे आणि परत आल्यावर त्यांना कुठलंच नीट आठवायचं नाही.

ती एक गोष्ट ठरवताना बंद वार बघा. अनेक शहरांत संग्रहालयं सोमवारी बंद असतात, बार्सिलोनाचं पिकासो संग्रहालयही. पण इस्तंबूलचा तोपकापी राजवाडा मंगळवारी बंद, आणि तिथला मोठा जुना बाजार रविवारी. बार्सिलोनातल्या साग्रादा फामिलिया चर्चसारख्या ठिकाणी तिकिटावर आत शिरायची वेळ छापलेली असते, दारात जाऊन मिळेल या भरवशावर राहू नये. दुसरं, बंदराचं कॅलेंडर. कुठल्या दिवशी किती प्रवासी जहाजं लागणार हे बरीच बंदरं आधी जाहीर करतात. एकाच सकाळी तीन-चार मोठी जहाजं लागली की जुन्या शहराच्या गल्ल्यांत हजारो माणसं उतरतात आणि संध्याकाळी परत चढतात. त्या दिवशी आम्ही गल्ल्या संध्याकाळी ठेवतो. तिसरं, किनारी रस्त्यावरची मॅरेथॉन किंवा मिरवणूक. एका रविवारी सकाळी हॉटेलच्या दारापर्यंत गाडी येईना. धावणाऱ्यांच्या दोन लाटांमधून आम्ही चाकाच्या बॅगा ओढत रस्ता ओलांडला. काहींनी आम्हालाही टाळ्या दिल्या.

खासगी बोटीबद्दल नेहमी विचारलं जातं. जरूर घ्या, पण आधी एकदा साध्या फेरी बोटीत बसा. हाँगकाँगची स्टार फेरी १८८८ पासून बंदर ओलांडते आहे, दहा मिनिटांच्या आत पलीकडे नेते. सिडनीत सर्क्युलर कीवरून मॅनलीची फेरी घेतली तर अर्ध्या तासात ऑपेरा हाउस, हार्बर ब्रिज आणि बंदराचं उघडं तोंड, सगळं समोरून जातं. इस्तंबूलला एमिनोनूहून काडिकोयला जाणारी बोट वीसेक मिनिटं घेते आणि तेवढ्यात तुम्ही एका खंडातून दुसऱ्या खंडात पोचता. आम्ही उघड्या बाकावर बसलो होतो, हातात चहाचे छोटे काचेचे पेले, आणि कठड्याच्या रेषेत, हात लांबवला तर लागेल इतक्या जवळ, एक सीगल पंख न हलवता आमच्या वेगाने तरंगत होता. त्याचा पिवळा डोळा आमच्या चहावर. त्या सहलीत हॉटेलची खास बोटही घेतली होती, गालिचे, फुलं वगैरे. तिच्याबद्दल मला आठवतं ते एवढंच की फुलं होती.

खासगी घेतलीच तर कमीत कमी किती तासांचं भाडं आहे, इंधन त्यात धरलंय का, आणि हवा बिघडली तर पैसे परत की दुसरी वेळ, हे तीन प्रश्न. उत्तर लेखी.

जेवणाचं टेबल सूर्य बघून राखायचं, घड्याळ बघून नव्हे. सिंगापूरला सूर्य वर्षभर सातच्या आसपास मावळतो, लिस्बनला जूनमध्ये नऊनंतर आणि डिसेंबरात सव्वापाचला. मावळतीच्या पाऊण तास आधी बसायचं. आणि "खिडकीजवळचं" असं न म्हणता "काचेला लागून, पहिल्या रांगेत" असं म्हणायचं. त्यातही दोन रात्रींपैकी एकीलाच असं टेबल. दुसऱ्या रात्री बाल्कनीत मागवून खायचं. एवढे पैसे देऊन घेतलेली खिडकी अंधारात कशी दिसते तेही बघायला हवं ना.

कन्सिअर्जच्या कोटावर एकमेकांना छेदणाऱ्या दोन सोनेरी किल्ल्या दिसल्या तर खूश व्हा. ती त्यांच्या 'ले क्ले दोर' या आंतरराष्ट्रीय संघटनेची खूण. त्या माणसाला जायच्या आठवडाभर आधी मेल करा आणि "काय बघावं" असं मोघम न विचारता "गुरुवारी सकाळी तीन तास आहेत, चालायला आवडतं, गर्दी नको" असं सांगा.

पैशाचं थोडं

परत न मिळणारं स्वस्त भाडं आणि रद्द करता येणारं महाग भाडं यांत समुद्रकाठी मी दुसरंच घेते. हाँगकाँगला वादळाचा आठ नंबरचा इशारा लागला की फेऱ्या थांबतात, दुकानं बंद होतात. तेव्हा वाचवलेले पैसे आठवून रडण्यात अर्थ नसतो. रद्द करायची शेवटची वेळ हॉटेलच्या घड्याळाने धरतात, आपल्या नव्हे, हेही लिहून ठेवा.

खोलीत शिरताना हॉटेल कार्डावर काही रक्कम अडकवून ठेवतं, आणि ती सुटायला निघाल्यानंतरही काही दिवस जातात. डेबिट कार्ड दिलंत तर तेवढे दिवस खात्यातले खरे पैसे अडकतात. क्रेडिट कार्ड द्या. कार्डाच्या मशीनवर "तुमच्या चलनात की इथल्या?" असं विचारलं तर इथल्या, दुसऱ्यात बदलाचा दर सहसा त्यांच्या फायद्याचा असतो.

सामान केबिनमध्ये मावेल तेवढंच. पट्ट्यापाशी उभं राहून बॅगेची वाट बघणं हे त्या ४४ तासांच्या आधीचं असलं तरी मला ते त्यांतलंच वाटतं. संध्याकाळच्या वाऱ्यासाठी एक पातळ जॅकेट, अगदी गरम शहरातही. विमानतळावर गाडी आधी सांगून ठेवलेली.

शेवटच्या दिवसाला मी काहीच लावत नाही. मागच्या वेळी दुपारी चारपर्यंत खोली होती. बंदराबाहेर नांगर टाकून पाच मालवाहू जहाजं उभी होती, सगळ्यांची नाकं एकाच दिशेला. वारा पडलेला. मी बॅग भरून खुर्चीत येऊन बसले. नवरा मघापासून तिकडेच बघत होता. म्हणाला, "बघ, फिरतायत." आणि खरंच, इतकी सावकाश की बघत राहिल्यावरच कळावं, पाचही जहाजं नांगराभोवती वळत होती. भरती लागली होती. घड्याळात दीड वाजला होता.